जुन्या डिस्कचे नवे बिऱ्हाड

एक विद्यार्थी, बी. कॉम. द्वितीय वर्ष

बिऱ्हाड हलवण्याचा प्रसंग ज्यांच्या घरी आला असेल त्यांना ठाऊक आहे, की सामान हलवणे हे त्यातले सर्वांत सोपे काम असते. टेम्पो सांगावा, चार मित्र बोलवावेत, दुपारपर्यंत कपाटे आणि भांडी नव्या घरी पोचलेली असतात. खरी धावपळ कागदांची. गॅसचे ट्रान्सफर व्हाउचर घेतले का? रेशनकार्डावरचा पत्ता बदलायचा राहिला का? पेपरवाल्याचा हिशेब मिटला का? जुन्या घराची किल्ली मालकाच्या हाती दिल्यावर ही आठवण झाली, तर नव्या घरात सगळे सामान असूनही पहिल्या दिवशी चहा होत नाही.

संगणकाची सिस्टिम ड्राइव्ह, म्हणजे ज्या डिस्कवरून संगणक सुरू होतो ती डिस्क, एका संगणकातून काढून दुसऱ्यात बसवणे हेही असेच बिऱ्हाड हलवणे आहे. २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात हे काम माझ्या गळ्यात पडले आणि चुका करीत करीत ते मी पार पाडले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. संगणकशास्त्राशी माझा संबंध पेपरापुरता. शिवाय दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले, त्यामुळे पडद्यावर इंग्रजीत उमटणारा प्रत्येक निरोप मी दोनदा वाचतो. कदाचित म्हणूनच, माझ्यासारख्याला जे समजले ते माझ्यासारख्यांना सांगता येईल, असे वाटून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

माझ्या मामांचे रविवार पेठेत गूळ-मिरचीचे घाऊक दुकान आहे. निम्मे गिऱ्हाईक खानापूर-चंदगडकडचे मराठी, निम्मे बैलहोंगल-गोकाककडचे कन्नड. दुकानाचे दिवाणजी सौंदत्तीकडचे. ते आजही लाल कापडाच्या रोकडवहीत रोजचा जमाखर्च लिहितात आणि मगच तो संगणकात जातो. तो संगणक २०१२ साली घेतलेला. अलीकडे तो कधी सुरू व्हायचा, तर कधी नुसता पंखा फिरवून गप्प बसायचा. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि नव्या विंडोजच्या अटींत हे जुने यंत्र बसेना. मामांनी दिवाळीच्या पाडव्याला नवा संगणक घेतला आणि मला बोलावणे पाठवले.

"जुन्यातलं सगळं जसंच्या तसं ह्यात आलं पाहिजे बघ," मामा म्हणाले. "तू कॉलेजात कॉम्प्युटर शिकतोस की!"

"मामा, नुसत्या फायली कॉपी केल्या तर नाही का चालणार?" मी विचारले.

"फायली घेऊन काय करू? उघडायला नकोत?"

मामांचे हे बोलणे त्या वेळी मला अडाणीपणाचे वाटले. पुढे कळले, की सगळ्या प्रकरणाचे मर्म त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

फायली आणि त्यांच्या किल्ल्या

नवा संगणक आला, की शहाणपणाचा मार्ग सहसा एकच असतो. त्यात विंडोज नव्याने घालावे, लागणारे प्रोग्रॅम नव्याने बसवावेत आणि जुन्या डिस्कवरच्या फायली आणून ठेवाव्यात. ज्याच्याकडे फक्त नोट्स, फोटो आणि प्रोजेक्ट आहेत अशा विद्यार्थ्याने दुसरा विचार करूच नये. घर नवे, झाडून पुसून घेतलेले. जुन्या घरातला कचरा सोबत येत नाही.

पण मामांच्या दुकानाचे तसे नव्हते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा म्हणजे एक फोल्डर. तो उचलून नेणे सोपे. पण मराठी पत्रे? गेल्या बारा-तेरा वर्षांतली व्यापाऱ्यांना लिहिलेली पत्रे, उधारीच्या याद्या, जागेच्या तंट्यातल्या अर्जांच्या प्रती, हे सगळे एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. कन्नड याद्या कन्नड गणक परिषदेच्या 'नुडी'मधल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. अशा फॉन्टची गंमत अशी, की फायलीत प्रत्यक्षात 'क' किंवा 'ग' साठवलेलाच नसतो. तिथे असतो एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक. फॉन्ट त्यावर देवनागरीचे किंवा कन्नडचे चित्र चढवतो. फॉन्ट नसला, की मामांचे पत्र म्हणजे रोमन अक्षरांचा आणि स्वल्पविरामांचा चिवडा. फॉन्टची फाइल कॉपी करून वाचण्यापुरती सोय झाली असती; पण त्यात लिहिण्यासाठी कीबोर्डचा वेगळा प्रोग्रॅम लागतो. नुडी पुन्हा मिळवता येते, मराठीचे तसे नव्हते. त्याची सीडी हरवली होती आणि ती विकणाऱ्याने धंदा बंद केला होता. तो प्रोग्रॅम जगात कुठे असेल तो असो, आमच्यापुरता तो त्या जुन्या डिस्कवरच जिवंत होता.

म्हणून अख्खी सिस्टिम ड्राइव्ह हलवायची, असे ठरले.

पहिली चूक

शनिवार, १५ नोव्हेंबरच्या संध्याकाळी मी जुन्या संगणकाचे झाकण काढले, डिस्क सोडवली आणि नव्या संगणकात केबल जोडून बसवली. केबलचे टोक बरोबर बसले. २००३ साली आलेली साटा जोडणी अजूनही डेस्कटॉप संगणकांत सापडते. मला वाटले, अर्धे काम झाले. बटन दाबले. पडद्यावर इंग्रजी निरोप आला, की सुरू करण्याजोगी डिस्कच सापडत नाही. डिस्क तर आत फिरत होती!

इथे संगणक सुरू कसा होतो ते थोडे सांगितले पाहिजे. बटन दाबल्यावर प्रथम जागे होते ते विंडोज नव्हे. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायमचा वस्तीला असलेला एक छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. तो यंत्राची उजळणी करतो, डिस्क शोधतो आणि तिथून पुढच्या प्रोग्रॅमला हाक मारतो. हे फर्मवेअर दोन पिढ्यांचे असते. जुन्या पिढीचे नाव बायोस. ते डिस्कचा अगदी पहिला तुकडा, फक्त ५१२ बाइटांचा, वाचते. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या सूचनांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या यादीसाठी आणि शेवटचे २ बाइट 'हे पान खरे आहे' अशा सहीसाठी. या पद्धतीला एमबीआर म्हणतात. ती १९८३ पासूनची. यादीला जागा ६४ बाइट आणि एका नोंदीला १६ लागतात, म्हणून मुख्य विभाग चारच करता येतात. शिवाय ५१२ बाइटांच्या तुकड्यांच्या डिस्कवर ही पद्धत सुमारे २ टेराबाइटांपलीकडे मोजूच शकत नाही. जुन्या छापील वहीत रकान्याची रुंदी ठरलेली असते आणि आकडा मोठा झाला की मावत नाही, त्यातलाच प्रकार.

नव्या पिढीचे फर्मवेअर म्हणजे यूईएफआय. ते पहिल्या तुकड्यातल्या सूचनांवर विसंबत नाही. ते डिस्कवर एक छोटा वेगळा विभाग शोधते आणि त्यातली ठरलेली फाइल चालवते. या पद्धतीच्या विभागयादीला जीपीटी म्हणतात. हल्लीच्या बोलणाऱ्या जीपीटीशी तिचा काही संबंध नाही, हे माझ्या वर्गमित्रांसाठी सांगून ठेवतो. मधली काही वर्षे नवी फर्मवेअर जुन्या पद्धतीच्या डिस्कलाही सांभाळून घेत असत. पण २०१७ साली इंटेलने ही सवलत २०२० पर्यंत बंद करण्याचा इरादा जाहीर केला आणि आज अनेक नव्या संगणकांत ती मिळत नाही. मामांच्या नव्या संगणकातही नव्हती. म्हणजे डिस्क समोर होती, पण नव्या घरमालकाला जुन्या लिपीतला भाडेकरार वाचता येत नव्हता.

त्या संध्याकाळी एक गोष्ट नकळत बरी झाली. नव्या संगणकाने डिस्कवर काही लिहिले नाही, म्हणून ती शाबूत राहिली. पण नक्कल न काढता एकुलती एक डिस्क अशी इकडची तिकडे करणे हा शुद्ध अविचार होता. व्हाउचर फाइल केल्याशिवाय नोंद करू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. तोच नियम इथे लागू होता आणि मी तो विसरलो होतो.

नक्कल आणि रूपांतर

रविवारी मी सुधारलो. नव्या संगणकात १ टेराबाइटची नवी एनव्हीएमई डिस्क होतीच. जुनी होती ५०० गिगाबाइटची. जुनीची तंतोतंत नक्कल नवीवर काढायची आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करायचे, असे ठरवले. त्यासाठी क्लोनझिला हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतला. तैवानमधल्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेला हा प्रोग्रॅम विंडोज सुरू न करताच चालतो. विंडोज झोपलेले असताना नक्कल काढणे केव्हाही चांगले, कारण मालमोजणी चालू असताना दुकानात विक्री चालू नसावी.

नक्कल काढताना एकच भीती असते, पण ती फार मोठी. कोणती डिस्क मूळ आणि कोणती रिकामी हे उलटे सांगितले, तर रिकाम्या डिस्कची नक्कल मूळ डिस्कवर निघते आणि तेरा वर्षे पुसली जातात. क्लोनझिला पुन्हा पुन्हा 'नक्की ना?' असे विचारतो ते उगीच नाही. आमच्या दोन डिस्कांचे आकार वेगळे होते, म्हणून ओळखणे सोपे गेले. तरी मी मामांना शेजारी उभे करून आकडे मोठ्याने वाचून दाखवले. बँकेत नोटा दोघांनी मोजतात तसे. साधारण तासाभरात नक्कल झाली. मग जुनी डिस्क काढून, कागदात गुंडाळून मामांच्या तिजोरीत ठेवली. दोन्ही डिस्का एकाच वेळी जोडून ठेवू नयेत, कारण नकलेत मूळ डिस्कचा ओळखक्रमांकही उतरतो आणि एकाच क्रमांकाच्या दोन डिस्का दिसल्या, की विंडोज त्यांतली एक बाजूला सारते.

आता नकलेचे रूपांतर. विंडोज १० मध्ये २०१७ पासून 'एमबीआर टू जीपीटी' नावाचे साधन येते. ते फायलींना धक्का न लावता जुनी विभागयादी नव्या पद्धतीत लिहून देते. विंडोज बसवण्याचा पेनड्राइव्ह लावून ते मी चालवले; आधी नुसती तपासणी, मग प्रत्यक्ष बदल. त्याची एक अट अशी, की डिस्कवर मुख्य विभाग तीनहून अधिक नसावेत, म्हणजे नव्या विभागासाठी यादीत जागा राहते. आमच्याकडे तीनच होते. विंडोज ६४ बिटांचे असावे हेही आधी पाहावे. आजच्या संगणकांतल्या यूईएफआयवर ३२ बिटांचे विंडोज सुरू होत नाही. आणि हे ध्यानात ठेवावे, की असे रूपांतर झालेल्या डिस्कवरून जुना बायोसचा संगणक पुन्हा विंडोज सुरू करीत नाही. ते काम नकलेवर केले हेच पुढे आमच्या कामी आले.

दुभाषा कुलूपबंद खोलीत

संगणक सुरू केला. विंडोजचे चिन्ह दिसले. मामा म्हणाले, "आला बघ!" आणि त्याच क्षणी निळा पडदा! त्यावर शब्द होते 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. म्हणजे ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे तिच्यापर्यंत पोचता येत नाही. पण पोचल्याशिवाय चिन्ह दिसले कसे? हे कोडे मला रात्री साडेदहापर्यंत पुरले.

उत्तर असे आहे. संगणकातला प्रत्येक भाग, डिस्क असो, नेटवर्क असो, आवाज असो, आपापली भाषा बोलतो. विंडोजला त्या सगळ्या भाषा येत नाहीत. मध्ये दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपल्या बेळगावात दुभाष्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तलाठ्याच्या कचेरीत आमच्या आजीला दिवाणजी लागतात आणि आमच्या घरी लग्नाचा आहेर लिहिताना दिवाणजींना मी लागतो. विंडोज सुरू होताना पहिली काही पावले फर्मवेअरच्या हाताला धरून पडतात. डिस्क वाचण्याचे काम तोपर्यंत फर्मवेअर करते. मग विंडोज तो हात सोडते आणि स्वतःच्या दुभाष्याला हाक मारते. वेळ वाचावा म्हणून सुरुवातीला कोणाकोणाला हाक मारायची त्याची यादी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या खतावणीत, लिहून ठेवलेली असते. जुन्या संगणकातली डिस्क एक भाषा बोलत होती. नवी एनव्हीएमई डिस्क वेगळीच भाषा बोलते. तिचा दुभाषा विंडोज १० मध्ये होता, पण सुरुवातीच्या यादीत त्याचे नाव नव्हते. म्हणजे कुलूप उघडणारा दुभाषाच कुलूपबंद खोलीत बसलेला. त्याला बाहेर काढायला दार उघडायला हवे आणि दार उघडायला तोच हवा.

यावर उपाय साधा निघाला. विंडोज 'सेफ मोड'मध्ये सुरू केले, की ते यादीवर न थांबता आपल्याजवळच्या डिस्कच्या मूळ दुभाष्यांना सरसकट हाक मारते. त्यांतला जो ओ देतो त्याचे नाव पुढे यादीत चढते. पेनड्राइव्हवरून दुरुस्तीच्या खिडकीत जाऊन मी 'पुढच्या वेळी सेफ मोड' अशी नोंद केली. एकदा तसे सुरू केले, मग ती नोंद काढली आणि पुन्हा बटन दाबले. पडद्यावर मामांच्या दुकानाचा जुनाच गणपतीचा फोटो आला! विंडोजने दोन-चार मिनिटे घेऊन बाकीची यंत्रसामग्री ओळखून घेतली. नेटवर्कचा दुभाषा मात्र नव्हता आणि इंटरनेटशिवाय तो उतरवूनही घेता येईना. पुन्हा तेच कोडे. तो मी माझ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर आणला. शहाण्याने तो आधीच आणून ठेवावा.

मराठी पत्रे उघडली. अक्षर न् अक्षर जागेवर होते.

कीली एल्लि ऐति?

सोमवारी सकाळी दिवाणजी आले, खुर्चीवर बसले आणि दहा मिनिटांत मला फोन आला. हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडत होते, पण फक्त शिकाऊ अवस्थेत. त्या अवस्थेत महिन्यातल्या ठरावीक दोन-तीन तारखांच्याच नोंदी करता येतात. जीएसटीचे महिन्याचे ३-बी विवरणपत्र २० तारखेच्या आत भरायचे आणि दिवस १७ नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या कितीतरी नोंदी बाकी.

सॉफ्टवेअरचे यात काही चुकले नव्हते. आम्ही वस्तुविक्री कायद्यात शिकतो, की विक्रीत मालकी जाते. सॉफ्टवेअरची बहुधा विक्री होत नाही; मिळतो तो वापरण्याचा परवाना आणि तो एका यंत्राच्या नावाने नोंदलेला असतो. यंत्र बदलायचे, तर जुन्या यंत्रावरून परवाना आधी परत करायचा आणि नव्यावर पुन्हा मिळवायचा. हेच ते गॅसचे ट्रान्सफर व्हाउचर! मी सगळे सामान हलवले, कुलूप लावले आणि व्हाउचर विसरलो.

आता तिजोरीतली मूळ डिस्क आठवली. ती जुन्याच पद्धतीची होती, शाबूत होती. ती जुन्या संगणकात परत बसवली, तर तिथे परवाना अजून जिवंत असणार. मंगळवारी तो म्हातारा संगणक चौथ्या प्रयत्नाला सुरू झाला. दुकानात सगळे श्वास रोखून उभे होते. परवाना परत करण्याचे पान उघडले आणि त्याने नोंदणीचा पासवर्ड विचारला.

कोणालाच माहीत नव्हता. मामांनी माझ्याकडे पाहिले, मी मामांकडे. दिवाणजी शांतपणे म्हणाले, "तम्मा, कीली एल्लि ऐति?" किल्ली कुठे आहे? मग स्वतःच उठून त्यांनी जुन्या रोकडवह्यांच्या गठ्ठ्यातून एक वही काढली. सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसाने त्या दिवशी जे तोंडाने सांगितले ते त्यांनी शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते, आणि तेही कन्नड अक्षरांत! मी ते वाचून रोमन अक्षरांत टाइप केले. नकार आला. कन्नड लिपीत, आपल्या लिपीसारखेच, मोठी आणि लहान अशी अक्षरे नसतात. पासवर्डला मात्र तो भेद कळतो. पहिले अक्षर मोठे करून पाहिले आणि परवाना परत झाला. तासाभरात तो नव्या संगणकावर मिळाला. विवरणपत्र १९ तारखेला रात्री गेले.

विंडोजच्या परवान्याची गोष्टही याच जातीची, पण तिथे पैसे मोजावे लागले. संगणकाबरोबर मिळालेले विंडोज सहसा त्या मदरबोर्डपुरतेच असते, ते दुसरीकडे नेता येत नाही. वेगळे विकत घेतलेले नेता येते. आमचे संगणकाबरोबरचे होते, म्हणून मामांनी नवा परवाना घेतला. डिस्क हलवण्याच्या खर्चाचा अंदाज करताना ही रक्कम धरायला विसरू नये.

लॅपटॉपवाल्यांनी सावध

माझ्या वर्गात आता बहुतेकांकडे लॅपटॉप आहेत, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपांत डिस्क आपोआप कूटबद्ध केलेली असते आणि तिची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या भागाच्या ताब्यात असते. डिस्क त्या लॅपटॉपात आहे तोवर काही जाणवत नाही. दुसरीकडे नेली, की ती ४८ अंकांची रिकव्हरी की मागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. ते खाते दुकानदाराने किंवा मोठ्या भावाने काढून दिले असेल, तर आजच शोधावे. ती सापडली नाही, तर डिस्क हातात असूनही आतले काहीही मिळत नाही. तसेच रोजचा चार आकडी पिनही त्या यंत्रापुरताच असतो. नव्या यंत्रावर खरा पासवर्ड लागतो.

लिनक्स वापरणाऱ्यांचे बिऱ्हाड मात्र हलके असते. त्याच्या गाभ्याबरोबरच बहुसंख्य दुभाषे येतात आणि डिस्कचे विभाग जागेवरून नव्हे, तर त्यांच्या ओळखक्रमांकावरून शोधले जातात. त्यामुळे डिस्क काढून दुसऱ्या संगणकात लावली, की ती बहुधा सुरू होते. फर्मवेअरच्या पिढीचा प्रश्न तेवढा तिलाही लागू आहे.

आधी करावयाच्या गोष्टी

माझ्या चुकांचे सार क्रमाने देतो. यातली पहिली पाच कामे जुना संगणक चालू आहे तोवरच करायची आहेत.

१. हलवण्याची खरोखर गरज आहे का, ते ठरवावे. प्रोग्रॅम पुन्हा मिळण्यासारखे असतील तर नवे विंडोज आणि फायलींची नक्कल हेच बरे.

२. महत्त्वाच्या फायली वेगळ्या डिस्कवर काढून ठेवाव्यात. जुनी डिस्क आवाज करीत असेल तर तिला पुन्हा पुन्हा सुरू करू नये, आधी नक्कल.

३. परवाने परत करावेत. पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर लिहाव्यात, मोठी-लहान अक्षरे स्पष्ट दाखवून. कागद कुलपात ठेवावा.

४. डिस्क कूटबद्ध असेल तर ती आधी उघडी करून घ्यावी. नव्या संगणकाचा नेटवर्क ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणावा.

५. संगणक पूर्ण बंद करावा. नेहमीच्या 'शट डाउन'मध्ये विंडोज अर्धवट झोपते. शिफ्टचे बटन दाबून धरून बंद केले, की ते पुरते बंद होते.

६. नक्कल काढावी आणि प्रयोग नकलेवरच करावेत. मूळ डिस्क किमान महिनाभर हात न लावता ठेवावी.

माझे म्हणजे काय?

हे सगळे निस्तरल्यावर एक विचार मनात राहिला. मामांची पत्रे मामांनी लिहिली, पैसे मामांनी मोजले, संगणक मामांचा. तरीही ती पत्रे पूर्णपणे मामांची नव्हती. ती एका फॉन्टची, एका यंत्राची आणि कुठल्याशा हरवलेल्या सीडीची ओलीस होती. मामा म्हणाले होते तेच खरे, फायली घेऊन काय करायचे, उघडायला नकोत? जे फक्त एकाच यंत्रावर उघडते ते आपल्याला उसने मिळालेले आहे, असे समजून वागावे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. तीत देवनागरीही आहे आणि कन्नडही. 'क' ला 'क' चाच क्रमांक आहे आणि 'ಕ' ला त्याचा स्वतःचा. त्यात लिहिलेले पत्र कोणत्याही यंत्रावर पत्रच राहते. म्हणून डिसेंबरच्या सुटीत मी आणि दिवाणजींनी ठरवले, की जुनी पत्रे आणि याद्या एकेक करून युनिकोडमध्ये आणायच्या. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढल्या तरी जोडाक्षरे कुठेकुठे चुकतात. म्हणून मराठी पान मी वाचतो, कन्नड पान दिवाणजी वाचतात, आणि एकमेकांची पाने दुसऱ्यांदा तपासतो. त्या निमित्ताने माझे कन्नड सुधारले आणि दिवाणजींना जागेच्या तंट्यातले मामांचे मराठी अर्ज पहिल्यांदाच नीट वाचायला मिळाले. नंतर एका रविवारी त्याच डिस्कवर विंडोज ११ चढवले. विभागयादी आधीच नव्या पद्धतीची झालेली असल्यामुळे ते मुकाट्याने चढले.

जुना संगणक आता माळ्यावर आहे. मूळ डिस्क अजून तिजोरीत आहे, मामा ती काढू देत नाहीत. दिवाणजींच्या रोकडवहीच्या शेवटच्या पानावर नवे पासवर्ड लिहिलेले आहेत. या वेळी माझ्या अक्षरांत, मोठी अक्षरे अधोरेखित करून. त्यांच्यावरून बोट फिरवून दिवाणजी म्हणाले, "लेक्क सरि ऐति." हिशेब बरोबर आहे.